चर्चा: कोल्हापूरच्या आयटीआयनं फौंड्रीसाठी मुलं घडवायची की भरतीच्या जाहिरातींसाठी?

पॅटर्नशॉप:
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. या तिन्ही औद्योगिक वसाहती ओतकाम (फौंड्री) आणि त्याच्या मागच्या मशीनिंगवर उभ्या आहेत. मोल्डिंगला (साचे भरायला) आणि फेटलिंगला (ओतलेला नग घासून साफ करायला) बिहार-ओडिशाची मुलं येतात, ते एक वेळ चालेल. खरी ओरड मधल्या फळीची आहे. वाळू तपासणारा हवा, वितळलेल्या धातूचं रसायन समजणारा हवा, रिजेक्ट झालेला नग बघून दोष कुठून आला हे सांगणारा हवा. हिरव्या वाळूत, म्हणजे साच्याच्या ओल्या, माती मिसळलेल्या वाळूत, ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांत ठेवावा लागतो. जास्त झाला की वाफ कोंडून नगात ब्लोहोल (पोकळ्या) पडतात, कमी झाला की साचा ढासळून वाळू नगात जाते. एसजी आयर्नला (गोल ग्रॅफाइटच्या बिडाला) मॅग्नेशियम दिल्यावर दहा-बारा मिनिटांत ओतलं नाही तर त्याचा असर उतरतो आणि ग्रॅफाइट गोल राहत नाही. पदवीधर नसला तरी हे काम जमतं, पण शिकवल्याशिवाय नाही.

आयटीआयच्या प्रवेशात मात्र इलेक्ट्रिशियनसाठी रांग आणि फौंड्रीमनला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं, जिल्ह्यातल्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनच्या काही तुकड्या कमी करा आणि त्या जागा फौंड्रीमन, मशीनिस्ट आणि सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या ट्रेडला) द्या. बोला.

वायरमन_कागल:
साफ नामंजूर. इलेक्ट्रिशियनला रांग का लागते, ते तुम्ही सोयीनं गाळलंत. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन चालतो. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट भरतीत फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशीनिस्ट चालतात, फौंड्रीमन त्या यादीत नाही. गावात मोटर बांधून, वायरिंग करून पोट भरतं ते वेगळंच. मुलगा आणि त्याचे आईबाप हिशोब चुकीचा करत नाहीत. एका जिल्ह्यातल्या एका धंद्यापुरतं शिक्षण घेतलं आणि इथले नग ज्यात लागतात त्या ट्रॅक्टरची मागणी पडली, तर शिरोलीत आठवड्याचे चारच दिवस भट्टी पेटते. त्या वेळी त्या मुलानं कुठं जायचं?

आणि 'मनुष्यबळाचा तुटवडा' म्हणजे नेमकं काय? मोल्डिंगला बॉक्सच्या दरानं, फेटलिंगला टनाच्या दरानं पैसे, मध्ये ठेकेदार, वर सिलिकाची धूळ आणि ग्राइंडरचे हादरे. अशा कामाला माणूस मिळत नाही यात आयटीआयचा काय दोष? दर वाढवा, धूळ ओढणारी यंत्रणा बसवा, मग तुटवडा किती उरतो ते मोजा.

शिल्पनिदेशक:
दोघंही तुकड्या हलवण्याच्या गोष्टी करताय, म्हणून त्या कशा हलतात ते आधी सांगतो. नवीन ट्रेड म्हणजे ठरलेल्या मापाची कार्यशाळा, यादीप्रमाणे यंत्रं, वीजभार, संलग्नता आणि प्रत्येक तुकडीला एक निदेशक. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. ओतकाम येणारा आणि निदेशकाचं प्रशिक्षणही झालेला माणूस कारखान्यातून येत नाही, तिथं पगार बरा असतो. पद मंजूर होऊन रिकामं राहिलं की त्या तुकडीला कोण शिकवतो? शेजारचा फिटरचा निदेशक, आठवड्यातून दोन वेळा.

शिवाय वेळ. आज उद्योगानं मागणी सांगितली, पुढच्या ऑगस्टला प्रवेश झाले, मशीनिस्टसारखा दोन वर्षांचा ट्रेड, वर अप्रेंटिसशिप. मागणी ऐकून मुलगा मशीनवर उभा राहीपर्यंत चार वर्षं गेली. तोवर कारखान्यानं मशीन बदललेलं असतं.

भट्टीचं तर विचारूच नका. 500 किलोच्या इंडक्शन भट्टीला 300 किलोवॅटच्या आसपास भार लागतो. शासकीय संस्थेत ती बसवली तरी वर्षातून किती वेळा पेटेल? वाळूची प्रयोगशाळा मात्र एका खोलीत मावते: ओलावा मापक, पर्मिअबिलिटी मीटर (वाळूतून हवा किती जाते ते मोजणारा), वाळू ठोकून नमुना करायचा रॅमर, ताकद मोजायचं यंत्र, चाळण्यांचा संच. पॅटर्नशॉप यांना जो माणूस हवाय, त्याची निम्मी तयारी या खोलीत होते.

पॅटर्नशॉप:
@वायरमन_कागल, धुळीचं मान्य. पण मी फेटलिंगला मुलं मागितलेलीच नाहीत. वाळू तपासणारा ठेकेदाराच्या टनावर काम करत नाही, त्याला महिन्याचा पगार असतो. सगळी फौंड्री एकाच मापानं मोजू नका.

@शिल्पनिदेशक, खोलीचं पटलं. पण एकट्या खोलीतून काही होत नाही. तिथली वाळू शांत असते. कारखान्यात तीच वाळू गरम होऊन परत येते, गार व्हायच्या आत मिक्सरमध्ये पडते आणि पाण्याचा हिशोब चुकतो. हे पुस्तकात नाही.

हजेरीपत्रक:
मनुष्यबळ विभागाच्या बाजूनं बोलतो, मालकांना आवडणार नाही. सर्वेक्षणात 'किती माणसं लागतील' विचारलं की प्रत्येक जण फुगवून सांगतो, कारण सांगायला पैसे पडत नाहीत. पाच कारखाने एकाच ऑर्डरच्या भरवशावर तीच पन्नास माणसं मागतात. मागणी कागदावर अडीचशे.

खरी मागणी मोजायची तर अप्रेंटिसचे आकडे बघा. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कंत्राटी कामगार धरून 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 200 माणसांच्या फौंड्रीत ते कमीत कमी 5, जास्तीत जास्त 30. जो म्हणतो 'माणूस मिळत नाही' आणि 5 वर थांबतो, त्याची गरज 5 चीच आहे. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचे 25 टक्के, महिना 1500 रुपयांपर्यंत मिळतात, तरी ही अवस्था. अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवलेल्यांनाच आयटीआयच्या व्यवस्थापन समितीत मत द्या.

वायरमन_कागल:
समित्यांचा अनुभव आधीच आहे. 2007 साली खासगी भागीदारीत 1396 शासकीय आयटीआय घेतल्या, प्रत्येक समितीला 2.5 कोटींचं बिनव्याजी कर्ज, अध्यक्ष उद्योगाचा. त्यातल्या किती समित्यांनी पैसे ठेवीत टाकून व्याजावर संस्था चालवली, विचारा. आता मे 2025 मध्ये 60,000 कोटींची नवी योजना मंजूर झालीय, 1000 आयटीआय, पुन्हा उद्योगाच्या हाती सूत्रं. अभ्यासक्रम उद्योगानं ठरवला तर तो आपल्या मशीनचं बटण शिकवतो, त्यामागचं विज्ञान नाही. फानुक कंपनीच्या सीएनसी पॅनलवर तयार झालेला मुलगा सिमेन्सच्या पॅनलसमोर बसला की गोंधळतो. पाया पक्का असेल तर आठवड्यात सावरतो, नसेल तर ठोकर लागून टूल मोडतो.

शिल्पनिदेशक:
म्हणूनच मी ट्रेडचं नाव बदलायच्या विरोधात आहे. सध्या वर्षाला 1200 तास, त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे. शिवाय 150 तास प्रत्यक्ष कामाच्या जागी किंवा गट प्रकल्प. पळवाट त्या 'किंवा'मध्ये आहे. गट प्रकल्प म्हणजे बहुतेक वेळा वेल्डिंग करून केलेलं टेबल. ते 150 तास कारखान्यातच झाले पाहिजेत असं धरा. फिटरचं प्रमाणपत्र फिटरचंच राहील, म्हणजे रेल्वेचं दार उघडं. वाळूची खोली आणि कारखान्यातले तास मिळून फौंड्रीचंही.

नियोजन मात्र कडक हवं. 20 मुलं एकदम एका कारखान्यात पाठवली की त्यांना झाडू मिळतो. चार-चारच्या गटानं पाच कारखान्यांत, प्रत्येक गटाला नावानिशी एक सुपरवायझर आणि रोजची वही: आज वाळूचे किती नमुने घेतले, किती ओलावा आला, कोणता नग कशानं गेला. वही सही होऊन आली नाही तर तास धरायचे नाहीत.

हजेरीपत्रक:
सुपरवायझर वही तपासेल का? त्याला दिवसाचं उत्पादन मोजून द्यायचं असतं. त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा. आणि अठराच्या आतल्या मुलाला भट्टीजवळ उभं करायला कारखान्याचा सुरक्षा अधिकारी तयार होणार नाही. दहावीनंतर थेट आलेल्यांत असे बरेच असतात. त्यांना प्रयोगशाळा आणि तपासणी विभागापुरतं ठेवा.

पॅटर्नशॉप:
ठीक. इलेक्ट्रिशियनच्या तुकड्या कापायचा मुद्दा मागे घेतो. फौंड्रीमनची तुकडी वाढवायचाही, निदेशक मिळेपर्यंत. पण वाळूची खोली आणि गट प्रकल्पाची पळवाट बंद करणं, हे दोन्ही पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशाआधी होण्यासारखं आहे. सुपरवायझरचे पैसे कारखान्यानं द्यावेत. रिजेक्शन एक टक्का उतरलं तरी ते सुटतात.

वायरमन_कागल:
मग ते लेखी द्या. आणि धुळीचं मोजमाप प्रशिक्षणार्थी जिथं उभे राहणार तिथलं, पहिल्या दिवसाआधी. तोवर माझा विरोध कायम.