मदत हवी आहे: स्पेल पॉइंट ठेवावेत की परत स्लॉटवर यावं?

बडोद्याला दांडिया बाजारात आम्ही रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ खेळतो. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम, सगळी पात्रं पाचव्या लेव्हलची. स्लॉटऐवजी (मंत्रांच्या प्रत्येक लेव्हलचा वेगळा ठरलेला कोटा) खेळ चालवणाऱ्यासाठीच्या डंजन मास्टर्स गाइड या पुस्तकातले स्पेल पॉइंट (सगळ्या मंत्रांसाठी एकच साठा) लावले. विझर्डला, म्हणजे जादूगाराला, 27 पॉइंट मिळतात, फायरबॉल या तिसऱ्या लेव्हलच्या आगीच्या मंत्राला 5 लागतात. म्हणजे दोनाऐवजी पाच फायरबॉल! लढाई दुसऱ्याच फेरीत आटोपते, शस्त्राने लढणारी आमची फायटर बिचारी नुसती बघत बसते. पॉइंट पुरवून वापरावे लागावेत म्हणून लढाया वाढवून पाहिल्या, पण एका बैठकीत दोनच्या वर मावत नाहीत. विझर्डला मिळालेली मोकळीक मला काढून घ्यायची नाही, नवं पुस्तकही घ्यायचं नाही. मूळ नियमात सहाव्या लेव्हलपासूनच्या मंत्रांना लाँग रेस्टमागे (पात्रांच्या रात्रभराच्या विश्रांतीमागे) प्रत्येक लेव्हलला एकदाचीच मर्यादा आहे. तशी तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांना दोनदाची घातली तर तोल सावरेल का? कुणी खेळून पाहिलंय?