मदत हवी आहे : एस्टीमचं पॉवर स्टीअरिंग काढतोय, रॅकवर अडलंय

भाऊ लोकहो, जुनी मारुती एस्टीम ऑटोक्रॉससाठी (मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर वेळ लावून होणारी शर्यत) तयार करतोय. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग काढायचंच आहे. मातीत पुढची चाकं घसरायला लागली की हातात काहीच कळत नाही. गाडी रस्त्यावर चालवत नाही, ट्रॉलीवर नेतो. टायर मूळ मापाचेच.

आधी नुसता पंपाचा पट्टा काढून पाहिला. स्टीअरिंग फारच जड, कारण रॅकमधलं (स्टीअरिंग फिरवल्यावर सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी आणि तिचं घर) तेल बंद पंपातून ढकलावं लागतं. मग पंप उतरवला आणि रॅकच्या सिलिंडरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडले. बरंच हलकं झालं, पण वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही. पिस्टनचं सील घासत असावं. पिनियनच्या (रॅक सरकवणारं छोटं दातेरी चाक) टॉर्शन बारची, म्हणजे स्टीअरिंग आणि पिनियनच्या मधल्या पिळल्या जाणाऱ्या बारीक सळईची, ढिलाईही मधोमध जाणवते.

साधा मॅन्युअल रॅक नको, त्याला जास्त फेरे फिरवावे लागतात आणि ऑटोक्रॉसमध्ये तेच महागात पडतं. आमच्या यवतमाळकडच्या गावात रॅक उघडणारा मिस्त्री नाही, नागपूरला न्यावा लागेल. म्हणून काम एकदाच आणि पक्कं व्हायला हवं.

सील काढून टॉर्शन बार वेल्डनं पक्का केलेला कोणी आहे का? उष्णतेनं पिनियनचे दात बिघडू नयेत म्हणून वेल्ड नेमका कुठं आणि केवढा मारला?