मदत हवी आहे: चिनी काढ्याने पोट जड, आधी काय बदलायचं?

‘लिउ वेइ दी ह्वांग’ काढा म्हणून देताना सहा औषधांत शू दी ह्वांग सर्वांत जास्त, २४ ग्रॅम. वाफवून काळं, काकवीसारखं चिकट झालेलं हे मूळ पचायला जड. सुरुवातीला पोट फुगतं, शौचाला पातळ होते. त्यावर शा रन (वेलदोड्याच्या कुळातलं) ३ ते ६ ग्रॅम, ठेचून, शेवटच्या ५ मिनिटांत घालतात. आधी टाकलं की सुगंधी तेल वाफेबरोबर जातं. काढा जेवणानंतर घेऊनही जडपणा राहिला तर तुम्ही आधी काय करता? मात्रा अर्धी, की शा रन जास्त? आणि किती दिवस वाट बघता? ‘औषध लागू पडतंय’ म्हणून सोडून देणं काही पटत नाही.

फू झ (बचनागाच्या जातीतलं) असलेल्या काढ्याने जीभ-ओठ बधिर होणं यात धरू नका. ती विषबाधा, काढा बंद करून थेट दवाखाना.