मदत हवी आहे: लॅपटॉप पन्नास हजारांचा की लाखाचा? वरचे पैसे नेमके कशाचे?

नमस्कार मंडळी,

बायकोसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. ती घरून काही दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहिते, जीएसटी रिटर्न भरते आणि उरलेल्या वेळात मराठी भाषांतरं करते. म्हणजे दिवसभर टायपिंग. आत्ताच्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा, विंडोज ११च्या यादीत तो बसत नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लोकांचे पॅन नंबर, बँकेचे तपशील त्यावर असतात, त्यामुळे तसंच चालवायची भीती वाटते.

पन्नास हजारांच्या आसपास १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा) २०२५मध्ये सहज मिळत होती. अ‍ॅपलचा एम४ चिपचा मॅकबुक एअर त्याच वर्षी भारतात ९९,९००ला आला, रॅम तेवढीच आणि एसएसडी २५६. कागदावर स्वस्तातलाच वरचढ! तरी मॅकवाले मित्र पुन्हा मॅकच घेतात, लेनोवोच्या थिंकपॅडवाले थिंकपॅड. त्यातले काही जण तर पै-पैचा हिशेब ठेवणारे आहेत. नुसती मिरवायची हौस, हे उत्तर मला पटत नाही. आमच्या लॅपटॉपची बिजागरी प्लास्टिकसकट उखडली होती, तेव्हापासून वाटतंय की खरा फरक जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टींत असावा. वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

टॅलीप्राइम विंडोजचं आहे, मॅकवर थेट चालत नाही. त्यामुळे वहिनींसाठी मॅक नको, तो कितीही चांगला असला तरी.

पण तुमचा अंदाज बरोबर आहे. रॅमचा आकडा छापतात. पडद्याचा उजेड, बिजागरीखाली धातू आहे की प्लास्टिक, कीबोर्ड दाबल्यावर खचतो का, हे कोणी छापत नाही. स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) फिकट पडदा असतो, खिडकीशी बसलं की डोळे ताणावे लागतात. भाषांतर करणाऱ्याला हे रोजचं दुखणं. ऑफिससाठी बनणाऱ्या मालिका बघा: थिंकपॅड टी, एचपीचं एलिटबुक. थिंकपॅड कसा खोलायचा याची पुस्तिका लेनोवो स्वतः साइटवर देते, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी घेता येते. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला मशीन बंद पडलं तर तिची किंमत कळते. नवा झेपत नसेल तर वॉरंटीसह रिफर्बिश्ड (वापरलेला, पण दुरुस्त करून विकलेला) घ्या, फक्त इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको. रॅम बोर्डावर डकवलेली आहे का तेही विचारा, तशी असेल तर पुढे वाढवता येत नाही.

प्रतिसाद

मी भाषांतरच करते, एम१ एअरवर. त्यात पंखाच नाही, त्यामुळे मे महिन्यातही आवाज शून्य. वीज गेली तरी काम थांबत नाही. मी पैसे दिले ते या शांततेचे आणि बॅटरीचे. टॅली नसती तर मीही हाच सुचवला असता.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. थिंकपॅड टी१४ बघून आलो, बायकोला कीबोर्ड फार आवडला, पण त्याला नंबरपॅड नाही आणि हिशेबाला तो लागतोच. टी१६ला आहे, पण तो अंगाने मोठा. वेगळा यूएसबी नंबरपॅड लावून टॅलीत रोज काम करणारं कोणी आहे का इथे?