नवतप्यातला आठवडा, नागपूरहून

प्रेषक: मंडळाच्या ग्रंथालयाच्या ताई (सध्या मुक्काम नागपूर)
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरात घरी जायच्या तिकिटांची मंडळातली चर्चा आत्तापासूनच सुरू झालेली वाचली. मी यंदा आईसाठी मेमध्ये आले आहे आणि मनापासून सांगते, एकदा तरी मेमध्ये या. डिसेंबरात आपण आपल्याच घरी पाहुणे असतो. लग्नं, खरेदी, भेटीगाठी, की निघालो. मेमध्ये घरातल्या कामांना आपला हात लागतो.

इथे नवतपा सुरू आहे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि पुढचे नऊ दिवस नागपूर भाजून निघतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. यंदा तेवढं नाही, तरी अकरानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. जे काही जगायचं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. म्हणून सकाळी सहालाच तर्री पोह्यांच्या ठेल्यावर गर्दी असते आणि रात्री दहाला गल्लीतल्या बायका फाटकाशी खुर्च्या टाकून बसलेल्या असतात.

सोमवारी ऐन दुपारी कूलर बसला. पंखा फिरत होता, पण ताट्यांवर पाणी चढेना. शेजारचे काका डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून त्या उन्हात आले. बोअरच्या पाण्याचे क्षार पंपात साचले होते. त्यांनी पंप सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवला, घासला, आणि तो सुरू झाला. ताट्या काळ्या पडल्या आहेत हेही त्यांच्याच लक्षात आलं. संध्याकाळी वाळ्याच्या नव्या ताट्या आणून त्यांनी स्वतः बसवून दिल्या. पहिलं पाणी पडलं आणि खोलीभर वास सुटला. आई म्हणाली, "आता कुठे उन्हाळा लागल्यासारखा वाटून राहिला."

मंगळवारी ती सोऱ्या घेऊन इतवारीत जायचं म्हणाली. तिच्या सासूबाईंचा पितळी सोऱ्या, त्याचा दांडा हलत होता. पहाटेच तयार होऊन बसली. मेट्रोत बसायला ती आधी घाबरायची. आता चितार ओळी चौकात उतरताना मलाच सांगते, दाराशी उभी राहू नको. दुकानदाराने सोऱ्या उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "माय, असं पितळ आता येत नाही, विकू नका." दांडा पक्का करून दिला. आई परत येताना भलतीच खूश होती.

आणि गुरुवारी कुरडया! गहू सोमवारीच भिजत घातले होते. चीक शिजला तसा त्याचा वास जिन्यापर्यंत गेला आणि वाट्या घेऊन गल्लीतली पोट्टी हजर झाली. गरम चिकावर तूप-साखर घालून प्रत्येकाला दिला. गच्चीवर धुतलेल्या लुगड्यांवर कुरडया पाडल्या. वर ऊन इतकं की दुपारपर्यंत कडा सुटायला लागल्या.

चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं झालं, धूळ उठली, आणि थेंब टपकायला लागले. मी जिना चढेपर्यंत तीच पोट्टी शेजारच्या भिंतीवरून आमच्या गच्चीवर उतरली होती. दोन लुगडी त्यांनी कुरडयांसकट उचलून आत आणली. तिसरं भिजलं. आईने एक अवाक्षर न काढता त्या ओल्या कुरडया कांदा आणि हिरवी मिरची घालून परतल्या आणि रात्री सगळी मुलं आमच्याकडे जेवली. ज्या घरात एरवी आई एकटी जेवते, तिथे पंगत बसली होती. हे मला डिसेंबरात कधी दिसलं नसतं.

~

प्रेषक: मंडळाच्या सचिव
उत्तर: नवतप्यातला आठवडा

ताई, वाचताना चिकाचा वास आला अगदी. पण मेमध्ये या हे सरसकट सांगू नये असं मला वाटतं. आमच्या सासऱ्यांना एका मेमध्ये ऊन लागलं होतं. घाम थांबला, ताप चढला, बोलणं असंबद्ध झालं. वेळेत सलाईन मिळालं म्हणून निभावलं. थंड हवेची सवय झालेल्या लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना घेऊन जाताना दहादा विचार करावा.

आणि आपल्या इथल्या दमट हवेत कुरडया वाळतील का? प्रमाण कळवाल?

~

प्रेषक: काटोलचे दादा
उत्तर: नवतप्यातला आठवडा

ताई, माझं मत तुमच्याकडेच जी. डिसेंबरात गेलो की सगळे संत्री खायला देतात, पण बाग पाहायची तर मेमध्येच. मृग बहार घ्यायचा तर आत्ता झाडांचं पाणी तोडून ती ताणावर सोडतात. पानं मलूल होतात. नव्या माणसाला वाटतं बाग गेली. पण तो ताण बसला, तरच पावसानंतर जून-जुलैत भरभरून फूल येतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ तोडणीला येतं. माझे वडील या दिवसांत रोज संध्याकाळी झाडाझाडाशी जाऊन पान हातात घेऊन पाहायचे. ताण कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर फांद्या वाळतात. दहा वर्षं मी फक्त फळं पाहिली होती. त्यांच्याबरोबर त्या उन्हात फिरलो तेव्हा त्यांची काळजी मला कळली.

कूलरबद्दल एक. पाणी भरताना तो नुसता बंद करू नका, प्लगही काढा, आणि अर्थिंग तपासून घ्या. दरवर्षी शॉक लागून माणसं जातात. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली तरच थंडावा राहतो.

~

प्रेषक: ग्रंथालयाच्या ताई
उत्तर: नवतप्यातला आठवडा

सचिवताई, तुमचं पटलं. लहान बाळं आणि हृदयाचा त्रास असलेली माणसं यांना मेमध्ये आणू नका. बाकीच्यांनी अकरा ते पाच घरात राहावं, बाहेर पडताना डोकं-कान दुपट्ट्याने बांधावेत, आणि तहान नसली तरी पाणी, ताक, कैरीचं पन्हं घेत राहावं. घाम थांबून बडबड सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

कुरडयांचं: गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून पिळून चीक गाळायचा. तो रात्रभर ठेवला की वर निवळ येते, ती ओतून टाकायची. जितका चीक तितकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि चीक हळूहळू ओतत घोटायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पारदर्शक दिसला की शिजला. आपल्याकडे दमट हवेत उघड्यावर न वाळवता ओव्हन अगदी मंद ठेवून, दार किंचित उघडं ठेवून पाहा.

दादा, रविवारी पहाटे मी आईला घेऊन काटोलला जाते आहे. तुमच्या बागेचे फोटो इथेच टाकीन.

आमरसासोबत तळायला कुरडया ज्यांना हव्या असतील त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा. आई दुसरा घाणा घालायचा म्हणते आहे आणि माझ्या बॅगेत जागा आहे.