ट्रान्सफॉर्मर बदलायची घाई नको

तुमच्या बिघडलेल्या सिंथच्या (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक वाद्य) प्रश्नावर वर एकांनी सरळ ट्रान्सफॉर्मर बदलायला सांगितलंय. पण तुमचा जुना सिंथ चालू होतोय, डिस्प्ले लुकलुकतोय, मधूनच रिसेट होतोय आणि जोडीला घरघर आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बहुतेक शाबूत असणार. माझा संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे पॉवर सप्लायमधलं व्होल्टेज सपाट ठेवणाऱ्या भागावर. घरघर नीट ऐका. आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झची, पण ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) उरणारा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, 100 हर्ट्झचा. 100 ची असेल तर कपॅसिटर. 50 ची खर्जातली असेल तर अर्थिंगचा लूप किंवा ब्रिजमधला एखादा डायोड ओपन.

7805 ला (5 व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर) इनपुटवर साधारण 7 व्होल्ट तरी लागतात. कपॅसिटर सुकला की रिपलच्या तळाशी व्होल्टेज त्याखाली जातं, 5 व्होल्टची लाइन डगमगते आणि प्रोसेसर रिसेट होतो. डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो, म्हणून सगळं आलबेल वाटतं. एसी रेंजवरही बघा, तिथे रिपल दिसतो. कपॅसिटर फुगलेला दिसेलच असं नाही.

रेग्युलेटर बदलावा लागलाच, तर 7812 चा (+12 व्होल्टचा) मधला पाय ग्राउंड असतो, 7912 चा (-12 व्होल्टचा) मात्र इनपुट, आणि धातूचा टॅबही त्यालाच जोडलेला! टॅब आणि हीटसिंकमधली वीज अडवणारी अभ्रकाची चकती विसरलात की चेसिसला शॉर्ट.

आत एसएमपीएस (साध्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) निघाला तर जपून. मेन कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास असतात, प्लग काढल्यावरही टिकतात. रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सिरीज बल्ब (मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये जोडलेला साधा फिलामेंटचा बल्ब) लावूनच चालू करा.