'कर्करोगावर लस' की 'कर्करोगप्रतिबंधक लस'?

प्रश्न (शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर)

आमच्या शाळेतील मुलींच्या पालकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीविषयी माहितीपत्रक काढायचे आहे. 'कर्करोगावर लस' हा मथळा लहान आणि ठसठशीत वाटतो. परंतु तो वाचून, ज्यांच्या घरी आधीच रुग्ण आहे असे पालकही आशेने विचारणा करतील, अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली. कोणता प्रयोग योग्य ठरेल? शिवाय 'लसीची' लिहावे की 'लशीची'?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, सोलापूर)

शंका रास्त आहे. 'खोकल्यावर औषध', 'विंचवावर उतारा' या प्रयोगांत आधी बाधा आणि मग उपाय असा क्रम गृहीत असतो, त्यामुळे 'कर्करोगावर लस' वाचणाऱ्याच्या मनात उपचारच येणार. 'देवीची लस' किंवा 'पोलिओची लस' यांतील षष्ठी मात्र स्वतः काहीच सांगत नाही. तिचा अर्थ आपल्याला रूढीने ठाऊक असतो. कर्करोगाच्या बाबतीत तशी रूढी अजून पुरती बसलेली नाही, म्हणून 'प्रतिबंधक' हे विशेषण येथे आवश्यक आहे.

'लस' म्हणजे मुळात जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव. एडवर्ड जेन्नर यांनी 1796 मध्ये गायीच्या देवीच्या फोडातील असाच द्रव एका मुलाला टोचला आणि पुढे कित्येक वर्षे एका मुलाच्या दंडावरच्या फोडातील लस दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती हातोहात जात राहिली. 1802 मध्ये बगदाद आणि बसऱ्यामार्गे मुंबईला पोहोचलेली लस अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, तीही याच साखळीतून. पदार्थाचे नाव असे औषधाला चिकटले. (आमच्या आधीची पिढी 'लस' म्हणतच नसे, ती 'देवी काढणे' म्हणे.)

'म्हैस – म्हशीचे' या न्यायाने 'लशीचे' हे जुन्या वळणाचे रूप आहे आणि 'लसीचे' आता सर्रास चालते. 'लसीकरण' मात्र 'स'नेच लिहावे.

उत्तर (वैद्यकीय व्यावसायिक, बार्शी)

व्याकरणाशी सहमत आहे, पण बोलण्यात 'लस' हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लागतो, हे नोंदवायला हवे.

पहिली खरी लस. ती शरीराला रोगजंतूची ओळख करून देते आणि प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला किंवा विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने, शरीर स्वतः तयार करते. यास काही आठवडे लागतात, पण ती ओळख टिकते. दुसरी आपल्या भागातील शेतकरी म्हणतात ती 'सापाची लस'. ही लस नव्हेच. घोड्यांना विषाची अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून काढलेली ती तयार प्रतिपिंडे होत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर ती लगेच काम करतात आणि काही काळाने शरीरातून निघून जातात. म्हणून एकदा 'सापाची लस' घेतलेला माणूस पुढच्या दंशापासून सुरक्षित होत नाही. हा गैरसमज शब्दामुळेच पसरतो, असे माझे मत आहे. 'प्रतिविष' म्हटल्यास तो टळेल.

कुत्रा चावल्यावर दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू शकतात. जखम खोल असेल तर तिच्याभोवती तयार प्रतिपिंडे टोचतात आणि दंडात लस सुरू करतात. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचायला बहुधा बराच अवधी घेतो, त्या अवधीत लसीने जागी झालेली प्रतिकारशक्ती त्याला गाठते. येथे लस चावा झाल्यावर दिली जात असली, तरी रोग झाल्यावर नव्हे. लक्षणे सुरू झाली की तिचा उपयोग उरत नाही.

तिसरी गोष्ट कर्करोगावरील इम्युनोथेरपी. प्रतिकारपेशींना आवरून धरणारे लगाम सैल केले, तर त्या गाठीवर हल्ला करू शकतात, या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. त्यावर आधारलेल्या औषधांना वृत्तपत्रांनी 'लस' म्हणू नये.

एक अपवाद मात्र भाषाशिक्षकांपुढे ठेवतो. क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या आरंभीच्या कर्करोगात नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात आणि तेथील प्रतिकारपेशी चेतवतात. तेथे 'कर्करोगावर बीसीजी' हा प्रयोग अगदी बरोबर आहे.

उत्तर (तेलुगू भाषक, सोलापूर)

आमच्या घरी 'टीका' म्हणतात, शेजारचे कन्नड कुटुंब 'लसिके' म्हणते. पत्रक मराठीत असले तरी 'लस' सर्वांना कळते. 'प्रतिबंधक' कळेलच असे नाही. शाळेच्या पत्रकात 'रोग होऊ नये म्हणून' असे सरळ लिहावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. मथळा असा करीत आहे: 'गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून मुलींसाठी लस'. खाली एक ओळ राहील: 'ही लस हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा आधीच झालेला संसर्ग किंवा आधीच झालेला कर्करोग बरा करीत नाही, म्हणून ती 9 ते 14 या वयात देणे अधिक उपयुक्त ठरते.'